विमानाचं अंतर आणि विमानाचा वेळ, गल्लत नको

आम्ही गुहागरचे, धाकटा भाऊ दुबईला कामाला. त्याचं तिकीट व्हॉट्सअ‍ॅपवर आलं की आई आधी वेळा बघते. मुंबईहून पहाटे ४ ला सुटलं, तिकडे ५:४५ ला उतरलं म्हणजे पावणेदोन तास, आणि परत येताना तिथून ४ ला निघून इथे साडेआठला, म्हणजे साडेचार तास, मग येताना विमान लांबून येतं काय रे?

नाही. मुंबई-दुबई अंतर जाताना येताना तेवढंच, साधारण १,९३० किमी. तिकिटावर त्या त्या गावचं घड्याळ असतं आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. पावणेदोनात दीड मिळवा, सव्वातीन. साडेचारातून दीड काढा, तीन तास. तरी पाव तास उरतोच, आणि तो वाऱ्याचा.

खाडीत होडी घातलेल्या माणसाला हे लगेच कळेल. ओहोटीच्या पाण्याबरोबर मुखाकडे यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी जास्त त्याच पाण्याविरुद्ध वर जायला लागतो, खाडीची लांबी काय बदलत नाही. वर ९ ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, कधीकधी ताशी २०० किमीच्याही वर, हिवाळ्यात जास्तच. म्हणून लंडन, सुमारे ७,२०० किमी, जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना नऊच्या आसपास. फेब्रुवारी २०२० मध्ये तर न्यूयॉर्कहून लंडनला एक विमान वादळी वाऱ्याच्या जोरावर ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी सहा-साडेसहा लागतात. पृथ्वी फिरते म्हणून येताना लवकर होतं असं बरेच जण सांगतात, ते चूक आहे, कारण पृथ्वीबरोबर हवाही फिरतेच.

आता अंतर. नेटवर दिसतं ते बहुतेक पृथ्वीच्या गोळ्यावर दोन गावांमध्ये दोरा ताणून मोजलेलं असतं, सपाट नकाशावर पट्टी ठेवून नाही. पण विमान दरवेळी दोऱ्यावरूनच जातं असं नाही. आमच्या धोपाव्याहून दाभोळ समोर दिसतं, फेरी बोटीने दहा-पंधरा मिनिटं, पण बोट बंद असली की चिपळूणला वळसा. आकाशातही तसंच. रशियाचं आकाश २०२२ मध्ये युरोपच्या विमानांना बंद झालं तेव्हा हेलसिंकी-टोकियो नऊ तासांचं विमान तेरा तासांवर गेलं, दोन्ही शहरं होती तिथेच आहेत. त्यामुळे किलोमीटरला ताशी ९०० ने भागून मला वेळ काढून दाखवू नका, चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो, शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतचा असतो, त्यात रनवेपर्यंतची रांगही आली.

आणि घरातून निघण्याचा वेळ तर त्यात कुठेच नसतो, तोच आमच्यासाठी सगळ्यात मोठा. गुहागरहून मुंबई एअरपोर्ट सात-आठ तास धरायचे, वर तीन तास आधी पोचायचं, म्हणून पहाटे ४ च्या विमानासाठी भाऊ आदल्या दिवशी दुपारी ४ लाच घर सोडतो, आणि गणपतीनंतरची गर्दी असली तर सकाळीच.