एकच कसूर, तीन शिक्षा

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात निवडणुकीची सभा आहे. पहिल्या रांगेत तिघं जण गळ्यात पक्षाचा दुपट्टा घालून बसलेत. एक जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी, दुसरे तलाठी, तिसऱ्या अंगणवाडीताई. कुणीतरी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला आणि सकाळपर्यंत तो तहसीलदारांच्या मोबाईलवर पोचला. कसूर एकच आहे (काम सरकारी, दुपट्टा पक्षाचा), पुरावाही एकच आहे. तरी तिघांना सारखी शिक्षा होईल याची खात्री कुणी देणार नाही. गाव म्हणेल, वशिला. तो असतोही, पण वशिला अजिबात नसतानाही शिक्षा विस्कळीतच निघतात, आणि यावर चांगलं संशोधन झालेलं आहे.

आधी नियमांतलाच गुंता बघू. तलाठी राज्य शासनाचा कर्मचारी, त्याला महाराष्ट्र नागरी सेवा नियम लागू. वर्तणूक नियम १९७९ चे, शिस्त व अपील नियमही १९७९ चे. गुरुजी आणि ग्रामसेवक जिल्हा परिषदेचे, त्यांच्यासाठी १९६७ चे वर्तणूक नियम आणि १९६४ चे शिस्त व अपील नियम. अंगणवाडीताई मानधनावर, त्यांना यातलं काहीच थेट लागत नाही. (तलाठी आणि ग्रामसेवक यांची पदनामं २०२४ मध्ये बदलली, गावात अजून जुनीच चालतात.) तलाठ्याला अन्यायाची दाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठात मागता येते, गुरुजींना विभागीय आयुक्तांकडे अपील आणि पुढे उच्च न्यायालय. म्हणजे एकाच सतरंजीवर बसलेल्या तिघांची फाईल तीन टेबलांवर जाते, आणि ती टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत.

आता माणसाच्या मोजमापाकडे येऊ. १९७४ मध्ये अमेरिकेत ५० न्यायाधीशांना २० प्रकरणांची सारखी कागदपत्रं देऊन शिक्षा ठरवायला सांगितली होती. एका बँक दरोड्यात कुणी ५ वर्षं दिली, कुणी १८. कानेमन, श्केड आणि सनस्टीन या संशोधकांनी १९९८ मध्ये सामान्य लोकांवर असाच प्रयोग केला, फक्त विषय कंपन्यांना करायच्या दंडाचा होता. कोणतं कृत्य जास्त संतापजनक, याबद्दल लोकांचं बऱ्यापैकी एकमत झालं. दंड किती डॉलर, हे विचारल्यावर मात्र आकडे कुठल्या कुठे पांगले. गुन्ह्यांची उतरंड लावताना माणसं चुकत नाहीत, घोटाळा होतो तो उतरंडीला आकडा चिकटवताना. आपल्या तिघांच्या बाबतीतही ‘चुकलं’ यावर वाद नसतो. ठपका द्यायचा की वेतनवाढ रोखायची, यावर साहेबागणिक उत्तर बदलतं.

आकडा कसा सरकतो याचा जर्मनीतला एक प्रयोग तर कचेरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवा. कायद्याच्या क्षेत्रातल्या लोकांना दुकानातल्या चोरीचं प्रकरण वाचायला दिलं आणि शिक्षा ठरवण्याआधी फासे टाकायला लावले. फासे असे बनवलेले, की बेरीज एकतर ३ यावी नाहीतर ९. ज्यांना ३ पडले त्यांनी सरासरी सुमारे ५ महिन्यांची शिक्षा सुचवली, ९ वाल्यांनी सुमारे ८ महिन्यांची. फाशाचा प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. आपल्याकडे फाशाचं काम टिपणी करते. आस्थापनेचा लिपिक टिपणीच्या तळाशी ‘दोन वेतनवाढी रोखणे प्रस्तावित’ लिहून फाईल वर पाठवतो, आणि साहेबांचं मन त्या दोनाभोवतीच घुटमळतं. फार तर एक होईल, फार तर तीन.

शिक्षांची शिडी नियमांत स्पष्ट आहे. १९७९ च्या शिस्त व अपील नियमांतल्या नियम ५ मध्ये ठपका, पदोन्नती रोखणे, नुकसानीची वसुली आणि वेतनवाढ रोखणे या किरकोळ शिक्षा. त्यापुढे खालच्या टप्प्यावर किंवा पदावर आणणे, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढणे आणि बडतर्फी या जबर शिक्षा, आणि त्यांना एरवी रीतसर विभागीय चौकशी लागते. गंमत अशी, की आदेशातले शब्द सारखे असले तरी शिक्षा सारखी असेलच असं नाही. तलाठ्याची वेतनश्रेणी २५,५०० पासून सुरू होते, पुढचा टप्पा २६,३००. एक वेतनवाढ वर्षभरापुरती रोखली तर मूळ वेतनात महिना ८०० प्रमाणे ९,६०० रुपये जातात, महागाई भत्ता वेगळा. तीच ‘कायमस्वरूपी’ रोखली आणि नोकरी २० वर्षं उरली असेल, तर ८०० चाच हिशेब धरला तरी १ लाख ९२ हजार. प्रत्यक्षात दर वर्षी वेतन वाढतं तसा हा फरकही वाढतो आणि शेवटी पेन्शनलाही चाटून जातो. तोच आदेश निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्याच्या हाती पडला, तर त्याला मासिक झळ थोडी जास्त बसेल, पण एकूण नुकसान त्या मानाने किरकोळच. अनेक आदेश नेमके इथेच आपटतात. कायमस्वरूपी परिणामाने वेतनवाढ रोखणं ही जबर शिक्षा आहे, पूर्ण चौकशीशिवाय देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने कुलवंतसिंग गिल प्रकरणात १९९० मध्येच सांगितलं. तरीही नुसत्या कारणे दाखवा नोटिशीवर असे आदेश निघतात आणि अपिलात उडतात.

निलंबन आणि बदली या शिडीत कुठेच नाहीत, आणि वापर मात्र यांचाच जास्त. आचारसंहितेत दणकून निलंबन होतं, पेपरात बातमी येते. पुढे निर्वाह भत्ता म्हणून सुरुवातीला साधारण निम्मं वेतन घरबसल्या मिळतं, आणि निर्दोष सुटल्यास मागचा पगारही. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन लांबवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या अजयकुमार चौधरी निकालाने ठरवलं. बदलीचं म्हणाल तर ‘गडचिरोलीला पाठवतो’ ही धमकी अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्यात कर्मचाऱ्याला शिक्षा होते की गडचिरोलीला, हे एकदा ठरवायला हवं! शिक्षेऐवजी केलेली बदली टिकत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगून झालंय.

मग थेट घरीच पाठवावं का? अमेरिकेने ते करून पाहिलं. तिथे सरकारी नोकरांच्या राजकारणावर १९३९ च्या हॅच कायद्याने बंधनं आहेत. दोष सिद्ध झाला की केंद्रीय कर्मचाऱ्याची नोकरीच जायची. शिक्षा सौम्य करायची तर अशी प्रकरणं ऐकणाऱ्या मंडळाचं एकमत लागे, आणि तरी किमान ३० दिवस बिनपगारी. एका ईमेलसाठीही तोच तराजू. २०१२ मध्ये कायदा बदलून ताकिदीपासून १,००० डॉलरपर्यंतच्या दंडापर्यंत मधल्या पायऱ्या घातल्या. पायरी फार उंच असली की चढवणाराच कचरतो, प्रकरण ‘समज दिली’ म्हणून मिटतं आणि पुढचा बिनधास्त होतो. शिक्षेच्या कडकपणापेक्षा ती होणारच या खात्रीचा धाक मोठा, हे बेकारिया हा इटालियन विचारवंत अठराव्या शतकात म्हणाला होता. पुढच्या अभ्यासांचा कलही बहुतांशी तिकडेच आहे.

आपल्याकडे शिडी आहेच, हवी आहे ती वापरायची पद्धत. दोषारोप सिद्ध झाल्यावर टिपणीत शिक्षा प्रस्तावित करू नये. त्याऐवजी तीन अधिकाऱ्यांनी एकमेकांशी न बोलता कागदावर गुण द्यावेत. पदामुळे मतदारावर वजन किती पडतं, कामाच्या वेळेत केलं की रजेवर, किती लोकांसमोर, आधी लेखी समज होती का, कुणाचं नुकसान झालं का, हे मुद्दे पुरेत. या मोजपट्टीवर दुपट्ट्याचे गुरुजी खाली येतील. अतिवृष्टीच्या अनुदान यादीतून विरोधी गटातली नावं गाळणारा तलाठी एकदम वर जाईल, कारण त्याने शेतकऱ्याचा हक्क मतासाठी वापरला. गुण लिहून झाल्यावरच चर्चा करावी. आधी चर्चा झाली तर मोठ्या साहेबांचा आकडा सगळ्यांचा होतो.

त्याआधी दोषारोपपत्र नीट हवं. ‘पक्षाचा प्रचार केला’ एवढ्यावर चौकशी उभी राहत नाही. तारीख, वेळ, ठिकाण, नेमकं कृत्य आणि मोडलेला नियम जोडपत्र एक व दोनमध्ये हवा, कागदपत्रं तीनमध्ये, साक्षीदार चारमध्ये. व्हॉट्सअॅपचा फोटो असेल तर तो पहिल्यांदा कुणाच्या फोनवरून आला, त्या माणसाचा जबाब घ्यावा. दहाव्यांदा फॉरवर्ड झालेला स्क्रीनशॉट उलटतपासणीत तग धरत नाही.

आणि जिल्हा पातळीवर नोंदवही. एकाच घटनेतल्या मोठ्या दोषीला हलकी आणि लहान दोषीला भारी शिक्षा चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या राजेंद्र यादव निकालाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं. पण घाटंजीची आणि आर्णीची घटना वेगवेगळी असेल, तर तुलना करायला कागदच नसतो. माहिती अधिकारात मागितलं तर शिक्षेचा तपशील वैयक्तिक ठरतो, असा २०१२ चा निकाल आडवा येतो. त्यावर उपाय सोपा आहे: नाव आणि गाव वगळून पद, कसूर, मिळालेले गुण, शिक्षा आणि अपिलात काय झालं, एवढे पाच रकाने. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि जिल्हाधिकारी या दोघांच्या कचेऱ्यांनी ती एकच वही भरली, तर गुरुजी आणि तलाठी निदान एका पानावर येतील. अंगणवाडीताईंसाठी मात्र वेगळा नियमच करावा लागेल, तोवर त्यांचा रकाना कोरा राहील.