देहभार-नियमन, लहान सस्तन प्राण्यांतील

चिचुंद्र्या, उंदीर, हॅमस्टर, व्होल, डॉर्माउस (हे तिन्ही उंदरासारखे कुरतडणारे प्राणी) यांसारख्या, साधारणतः काही ग्रॅमपासून शे-दीडशे ग्रॅमपर्यंत वजन असणाऱ्या रानटी सस्तन प्राण्यांमध्ये, अन्नाची टंचाई असताना किंवा ती येण्यापूर्वीच शरीराचे वजन ऋतूला साजेशा पातळीवर आणून तेथे राखण्याची जी क्षमता आढळते, तिला देहभार-नियमन म्हणतात. अन्न कमी झाले म्हणून वजन घटले, एवढा सरळ हिशेब या प्राण्यांना लागू पडत नाही. त्यांच्यापैकी अनेकांचे वजन समोर भरपूर अन्न असतानाही हिवाळ्याच्या तोंडावर उतरू लागते, आणि उपास घडल्यानंतर पुन्हा पोटभर खायला मिळाले तरी ते जुन्या पातळीवर परत जात नाही. या घटीकडे उपासमारीचे लक्षण म्हणून न पाहता टंचाईची पूर्वतयारी म्हणून पाहिले, तरच तिचा अर्थ लागतो.

लहान शरीराची मूळ अडचण ऊर्जेच्या हिशेबात आहे. प्राण्याचा विश्रांतीकालीन चयापचय त्याच्या वजनाच्या सुमारे ३/४ घाताच्या प्रमाणात वाढतो, हे मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये मांडले. चरबीचा साठा मात्र ढोबळमानाने वजनाच्या सरळ प्रमाणात असतो. त्यामुळे शरीरातील चरबीचा वाटा सारखाच धरला, तर उपाशी तग धरण्याची मुदत दुप्पट होण्यासाठी वजन सोळापट असावे लागते. मोठा प्राणी साठ्यावर आठवडेच्या आठवडे काढू शकतो. उंदराएवढ्या प्राण्याचा साठा काही दिवसांत आणि चिचुंद्रीचा तर काही तासांतच संपतो. अंगावर चरबी वाढवून टंचाई पार करणे हा मार्ग लहान प्राण्यांना मर्यादित प्रमाणातच खुला असल्यामुळे खर्च कमी करणे, शरीरच लहान करणे, शरीर थंड पडू देणे आणि अन्न शरीराबाहेर साठवणे, असे वेगवेगळे उपाय त्यांच्यात उत्क्रांत झाले आहेत.

उपास घडल्याची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचवण्यात लेप्टिन या संप्रेरकाचा वाटा मोठा आहे. मेदऊतकात तयार होणाऱ्या या संप्रेरकाचा शोध जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये लावला. आरंभी ते प्रामुख्याने लठ्ठपणाला आवर घालणारे संप्रेरक मानले गेले. परंतु उपाशी ठेवलेल्या उंदरांना बाहेरून लेप्टिन दिले असता उपासामुळे अवटू (थायरॉइड) ग्रंथी, अधिवृक्क (अ‍ॅड्रेनल) ग्रंथी आणि प्रजननसंस्था यांत होणारे बदल बऱ्याच अंशी टळतात, असे १९९६ मध्ये दिसून आले. चरबी घटली की रक्तातील लेप्टिन उतरते, आणि ते उतरले की मेंदू प्रजननासारखी महागडी कामे थांबवून खर्च आवरता घेतो. रानटी प्राण्याच्या दृष्टीने लेप्टिनचे हे काम, म्हणजे टंचाईची सूचना देण्याचे काम, अधिक महत्त्वाचे मानावे लागते.

मेंदू ज्या वजनाचे रक्षण करतो ते मात्र वर्षभर एकच नसते. कॅनडातील संशोधक निकोलस म्रोसोव्स्की आणि त्यांचे सहकारी फिशर यांनी १९७० मध्ये शीतनिद्रा घेणाऱ्या जमिनीवरील खारींच्या अभ्यासातून ‘सरकता नियतबिंदू’ ही कल्पना मांडली; नियतबिंदू म्हणजे शरीर ज्या वजनाचे रक्षण करते ती पातळी. शीतनिद्रेच्या काळात खारीचे वजन हळूहळू उतरत असते. या काळात तिला काही दिवस अन्नापासून वंचित ठेवून वजन आणखी खाली आणले आणि नंतर अन्न दिले, तर ती खाऊन वजन वाढवते, पण ते उपासापूर्वीच्या पातळीपर्यंत नेत नाही. उपास घडला नसता तर त्या तारखेला तिचे जे वजन असते, तेथे येऊन ती थांबते. थोडक्यात, उतरत्या वजनाचीही एक रेषा ठरलेली असते, आणि शरीर त्या रेषेचे पालन करते.

याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झालेला प्राणी म्हणजे पश्चिम सायबेरिया आणि कझाकस्तान येथील गवताळ प्रदेशात राहणारा झुंगारी हॅमस्टर होय. उन्हाळ्यात चाळीस ग्रॅमच्या आसपास भरणारा हा प्राणी हिवाळ्यात पंचवीस ग्रॅमच्या घरात येतो, आणि त्याचा करडा अंगरखा पांढरा होतो. प्रयोगशाळेत ऊबदार पिंजऱ्यात, अन्नाची कोणतीही कमतरता नसताना, केवळ दिव्याचे तास कमी केले तरी हा सारा बदल घडून येतो. दिवस लहान झाल्यावर हॅमस्टर आपणहून कमी खाऊ लागतो आणि त्याची चरबी झपाट्याने कमी होते. श्टाइनलेशनर, हेल्डमायर आणि बेकर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या उतरणीच्या काळात हॅमस्टरना अपुरे अन्न देऊन आणखी बारीक करण्यात आले. पुन्हा मनसोक्त अन्न मिळाल्यावर त्यांनी ऋतूनुसार उतरलेले वजनच गाठले. येथेही नियतबिंदू सरकलेला होता. चरबी घटल्यामुळे अशा हॅमस्टरच्या रक्तातील लेप्टिन कमी झालेले असते, तरीही तो भुकेने व्याकूळ होऊन खात नाही, कारण हिवाळी शरीरात मेंदू त्या कमी पातळीलाच पुरेशी मानतो.

ऋतूची खबर रात्रीच्या लांबीवरून मिळते. मेंदूतील पिनियल ग्रंथी अंधारात मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवते, आणि हा स्राव किती तास चालला त्यावरून पीयूषिका ग्रंथीच्या एका भागाला ऋतू कळतो. तेथून निघालेला संदेश हायपोथॅलॅमस या, भूक व वजन यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या मेंदूच्या भागातील टॅनिसाइट नावाच्या पेशींपर्यंत जातो आणि त्या अवटू संप्रेरकाच्या क्रियाशील रूपाचे, म्हणजे टी-३चे, स्थानिक प्रमाण बदलतात. हिवाळ्यात हायपोथॅलॅमसमधील टी-३ कमी होते. लहान दिवसांत ठेवलेल्या हॅमस्टरच्या हायपोथॅलॅमसमध्ये टी-३ पुरवणारे सूक्ष्म रोपण केले असता वजनाची घट रोखली जाते, असे २००७ मध्ये दाखवण्यात आले. संपूर्ण रक्तातील संप्रेरकाला हात न लावता मेंदूच्या एका लहानशा भागापुरता ऋतू बदलण्याची ही व्यवस्था शरीरक्रियाविज्ञानातील अतिशय देखणी व्यवस्था म्हणावी लागेल. मात्र लहान दिवस म्हणजे कमी वजन, असा सार्वत्रिक नियम नाही. उत्तर ध्रुवीय प्रदेशातील पट्टेदार लेमिंगचे वजन लहान दिवसांत उलट वाढते.

चिचुंद्र्यांमध्ये हा बदल चरबीपुरता न राहता हाडांपर्यंत पोहोचतो. पोलिश प्राणिशास्त्रज्ञ आउगुस्ट डेनेल यांनी पोलंडमधील ब्यावोव्येझा अरण्यातील चिचुंद्र्यांच्या कवट्या मोजून १९४९ मध्ये असे नोंदवले की, हिवाळ्यात पकडलेल्या प्राण्यांच्या कवटीची उंची उन्हाळ्यातील प्राण्यांपेक्षा कमी असते आणि वसंत ऋतूत ती पुन्हा वाढते. हा प्रकार आज ‘डेनेल परिणाम’ या नावाने ओळखला जातो. पूर्ण वाढलेले हाड आखडते यावर विश्वास बसणे अवघड होते, आणि शंकेला जागाही होती. कारण वेगवेगळ्या महिन्यांत मारलेले वेगवेगळे प्राणी मोजल्यास, मोठ्या कवटीचे प्राणी हिवाळ्यात अधिक मेले असतील, असेही म्हणता येते. जर्मनीतील कॉन्स्टान्स सरोवराजवळ माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी साध्या युरोपीय चिचुंद्र्यांना खुणा करून सोडले, त्याच प्राण्यांना पुन्हापुन्हा पकडले आणि दर वेळी त्यांच्या कवटीचे क्ष-किरण छायाचित्र घेतले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रत्येक प्राण्याच्या मेंदूकोशाची उंची हिवाळ्यापर्यंत सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाली आणि वसंतात सुमारे ९ टक्क्यांनी वाढली. वजन सुमारे १८ टक्क्यांनी उतरले आणि वसंतात, प्रजननाच्या तयारीत, ८० टक्क्यांहून अधिक वाढले. कवटीबरोबर मेंदूही लहान होतो. यकृतासारखे अवयव आणि पाठीचा कणा यांतही घट होते.

ही चिचुंद्री शीतनिद्रा घेत नाही, तिला दैनिक सुप्तावस्थाही (रोज काही तास शरीर थंड पडू देणे) साधत नाही, आणि तिचे आयुष्य जेमतेम वर्ष-सव्वा वर्षाचे असल्याने तिच्या वाट्याला एकच हिवाळा येतो. त्या हिवाळ्यात कीटक आणि गांडुळे दुर्मिळ झालेली असतानाही दर दोन-तीन तासांनी पोटात काही पडावेच लागते. प्रत्येक ग्रॅममागे होणारा तिचा विश्रांतीकालीन ऊर्जाव्यय हिवाळ्यातही उन्हाळ्याइतकाच राहतो, असे २०२० मधील मापनांतून आढळले. दर ग्रॅमचा खर्च आटोक्यात येत नसेल, तर ग्रॅमच कमी करणे एवढाच उपाय उरतो, आणि मेंदूसारखा खर्चिक अवयव लहान करण्यात बचतही अधिक होते. त्याची किंमतही मोजावी लागते: अन्नाची जागा शोधण्याच्या चाचणीत हिवाळी चिचुंद्र्यांना उन्हाळी चिचुंद्र्यांपेक्षा जास्त भटकावे लागले. आकसण्याला केवळ अन्नटंचाई कारणीभूत असते, की थंडीचीही जोड लागते, याचा उलगडा मोल या भूमिगत कीटकभक्षकाच्या तुलनेतून झाला. युरोपीय मोलची कवटी हिवाळ्यात सुमारे ११ टक्क्यांनी आकसते आणि वसंतात सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. आयबेरियन मोलला कोरड्या उन्हाळ्यात टंचाई सोसावी लागत असूनही त्याची कवटी आकसत नाही. त्यामुळे टंचाईबरोबर थंडी असावी लागते, असा निष्कर्ष काढण्यात आला.

शरीराचे तापमान उतरवणे हा दुसरा मोठा उपाय होय. झुंगारी हॅमस्टर लहान दिवसांत काही आठवडे गेल्यानंतर दिवसा काही तास सुप्तावस्थेत जाऊ लागतो. त्याचे तापमान २० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहूनही खाली येते आणि संध्याकाळी अन्न शोधण्याच्या वेळेपर्यंत पुन्हा चढते. युरोपातील खाद्य डॉर्माउस तर याही पुढे जातो. बीच वृक्षांना ज्या वर्षी बिया धरत नाहीत, त्या वर्षी हा प्राणी प्रजनन टाळतो. काही डॉर्माउस तर जमिनीखाली अकरा महिन्यांहून अधिक काळ शीतनिद्रेत राहिल्याचे ऑस्ट्रियातील अभ्यासांत आढळले आहे.

उपासानंतर अधाशासारखे खाऊन वजन भरून काढणे ही प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदराची सवय सर्व कृंतकांची समजली जात असे. सोनेरी हॅमस्टर उपासानंतर नेहमीपेक्षा अधिक खात नाही, हे १९७६ मध्ये दिसून आले. पुढे झुंगारी हॅमस्टरच्या अभ्यासात असे आढळले की उपासाचा परिणाम खाण्यापेक्षा साठवणुकीवर होतो: अन्न मिळताच तो ते गालांतील पिशव्यांत भरून बिळात नेऊन टाकतो. शरीरावर वजन न वाढवता टंचाईची तरतूद करण्याची ही रीत आपल्याकडेही ठळकपणे दिसते. महाराष्ट्रात दिवसाच्या लांबीत वर्षभरात जेमतेम दोन-अडीच तासांचा फरक पडतो आणि टंचाई थंडीपेक्षा कोरड्या महिन्यांत येते. कापणीच्या हंगामात छोटी घूस भाताच्या लोंब्या तोडून बिळातील कोठारात साठवते. कोकणातील कातकरी समाज शेताच्या बांधांतील अशी बिळे खणून उंदरांबरोबर हे धान्यही मिळवत आला आहे.

वजनाला खालची मर्यादा भूक घालते, तर वरची मर्यादा बहुधा शिकारी प्राणी घालतात. जड प्राणी सावकाश पळतो, अरुंद बिळात अडकतो, आणि ते वजन पोसण्यासाठी त्याला अधिक काळ उघड्यावर फिरावे लागते. वीझल हा सडपातळ शिकारी व्होलच्या बिळातही शिरतो. त्याच्या विष्ठेच्या केवळ वासानेही व्होलचे वजन उतरते, असे प्रयोगांत दिसले आहे, आणि तेही अन्नात कोणतीही कपात नसताना. या निरीक्षणांना धरून ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन स्पीकमन यांनी एकाऐवजी दोन नियतबिंदूंची कल्पना मांडली. तिच्यानुसार उपासमारीच्या धोक्याने ठरलेला खालचा बिंदू आणि भक्ष्य होण्याच्या धोक्याने ठरलेला वरचा बिंदू यांच्या दरम्यान वजन परिस्थितीप्रमाणे मोकळेपणाने वरखाली होते, आणि शरीर जोराने हस्तक्षेप करते ते यांपैकी एखादा बिंदू ओलांडला गेल्यावरच. पिंजऱ्यातील उंदराला वीझलही नसतो आणि रिकामी थाळीही नसते. त्यामुळे केवळ त्याच्यावरील प्रयोगांतून रानातील प्राण्यांबद्दल काढलेली अनुमाने तपासून घ्यावी लागतात.