‘हा नव्हे’, ‘पुरे’, ‘पुन्हा जाऊ नकोस’: जगावेगळ्या नावांची पार्श्वभूमी

आजच्या इराकच्या भागातल्या प्राचीन असिरिया राज्याचा राजा सेनाखेरीब इ.स.पू. 705 ते 681 या काळात गादीवर होता. जेरुसलेमला वेढा घालणारा राजा म्हणून बायबलमध्ये त्याचा उल्लेख येतो. त्याच्या मूळ अक्कादी नावाचा अर्थ मात्र लढाईशी संबंधित नाही. ‘सिन (चंद्र) देवाने भावांची भरपाई केली’ असा तो अर्थ आहे. म्हणजे त्याच्या आधी झालेले मुलगे गेले होते आणि हा त्यांच्या जागी आला होता. पुढे त्याच्या एका मुलाचं नाव ठेवलं गेलं एसारहद्दोन, म्हणजे ‘अश्शूर देवाने भाऊ दिला’. राजघराण्यातल्या दोन पिढ्यांचे जन्म-मृत्यू या दोन नावांत नोंदले गेले आहेत.

बाळाच्या वेगळ्या नावांच्या याद्या आज जागोजागी सापडतात. नाव आणि त्यापुढे एका ओळीत अर्थ, एवढंच त्यांत असतं. ते नाव कोणत्या प्रसंगी, कोणासाठी ठेवलं जायचं, हे त्या ओळीत येत नाही. माझ्या मते नाव विचित्र वाटतं ते तिथेच. प्रसंग कळला की त्यातला विचित्रपणा बहुतेक वेळा उरत नाही.

अशा नावांमागचं सर्वांत मोठं कारण बालमृत्यूचं. आधुनिक वैद्यक येण्याआधी जगभर साधारण चारातलं एक मूल पहिल्या वाढदिवसापर्यंतही पोचत नसे आणि जवळपास निम्मी मुलं मोठी होण्याआधीच दगावत. नायजेरियातल्या योरुबा लोकांमध्ये ‘आबिकू’ ही समजूत याच अनुभवातून आली. तेच मूल पुन्हा पुन्हा जन्म घेतं आणि पुन्हा पुन्हा निघून जातं, अशी ती समजूत. मग पुढच्या बाळाचं नाव म्हणजे त्याला घातलेली गळ असे. मालोमो म्हणजे ‘पुन्हा जाऊ नकोस’. दुरोजाइये म्हणजे ‘थांब, आयुष्याचा आनंद घे’. कोकुमो म्हणजे ‘आता हा मरणार नाही’. एकाच घरात एकामागून एक मुलं जाण्याचा संबंध काही संशोधकांनी सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराशी जोडला आहे, आणि पश्चिम आफ्रिकेत त्याचं प्रमाण मोठं आहे. यादीत ‘मालोमो’ हे नाव नादमधुर म्हणून निवडता येईल, पण ज्या आईने ते पहिल्यांदा उच्चारलं तिने त्याआधी काय सोसलं होतं, हे माहीत असायला हवं.

मंगोलियात गळ घालण्याऐवजी चकवा दिला जाई. ज्या घरातली मुलं आधी गेली आहेत, तिथे नवं बाळ दुष्ट शक्तींच्या नजरेस पडू नये म्हणून त्याला एनेबिश (‘हा नव्हे’), तेरबिश (‘तो नव्हे’), हुनबिश (‘माणूस नव्हे’) किंवा नेरगुई (‘नाव नाही’) म्हणत. मूनोखोई म्हणजे ‘वाईट कुत्रा’. मुलाला न्यायला आलेल्याने विचारलं तर उत्तर तयार: हा तो नव्हेच! अशा नावांची माणसं तिथे आजही भेटतात आणि कोणी त्यांना हसत नाही, कारण आईबापांनी जीव तोडून केलेला हा बचाव होता हे सर्वांना ठाऊक असतं.

तुर्की भाषेत दुर्सुन (‘राहू दे’) आणि यशार (‘जगतो’) ही याच जातीची नावं. पण तिथलंच येतेर हे मुलीचं नाव वेगळ्या कारणाने आलं. त्याचा अर्थ ‘पुरे’. लागोपाठ मुली झालेल्या घरात, आता मुलगा व्हावा या आशेने ते ठेवलं जाई. नावातून प्रेम जसं दिसतं तसा नकोसेपणाही दिसतो, आणि तो त्या मुलीला जन्मभर वागवावा लागतो. परंपरेच्या कौतुकात हे झाकून टाकणं मला मान्य नाही.

काही समाजांत नाव आईबाप निवडतच नाहीत, ते जन्माबरोबर येतं. घानातल्या अकान लोकांत शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, सोमवारचा क्वाद्वो. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान 8 एप्रिल 1938 रोजी जन्मले, तो शुक्रवार होता. ते जुळे होते, म्हणून त्यांच्या नावात ‘अत्ता’ हेही होतं, म्हणजे जुळा. गुलाम म्हणून समुद्रापार नेलेल्या माणसांनी ही वारांची नावं सोबत नेली. जमैकात डोंगराळ भागात राहून इंग्रजांशी लढलेल्या आणि 1739 मध्ये त्यांना तह करायला लावलेल्या मरून लोकांचा, म्हणजे गुलामीतून निसटलेल्यांचा, नेता कजो, म्हणजे क्वाद्वोच. घरदार आणि मुलूख हिरावला गेला तरी जन्मवार टिकून राहिला.

केनियातले लुओ लोक वेळ पाहतात. रात्री जन्मला तर ओतिएनो, पावसात जन्मला तर ओकोथ. बालीत वायान, मादे, न्योमान, केतुत हा पहिल्या ते चौथ्या अपत्याचा क्रम आहे आणि पाचव्यापासून तो पुन्हा सुरू होतो. योरुबांकडे जुळ्यांतलं आधी बाहेर येणारं मूल ताइवो, म्हणजे जगाची चव घेणारं. मागून येणारं केहिंदे, आणि थोरलं मानतात ते त्यालाच. जग कसं आहे ते पाहायला धाकट्याला पुढे धाडणारा थोरला, असा त्यामागचा विचार.

धर्म आणि राजकारणानेही नावं घडवली. 1620 मध्ये मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेलेल्या विल्यम ब्रूस्टर या प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचरण मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, पुढाऱ्याच्या मुलांची नावं लव्ह आणि रेसलिंग, म्हणजे प्रेम आणि झुंज. मुलींची पेशन्स आणि फिअर, म्हणजे धीर आणि भय, ईश्वराचं भय. त्याच प्रवासात भर समुद्रात जन्मलेल्या बाळाचं नाव ओशनस ठेवलं. 1917 च्या क्रांतीनंतर सोव्हिएत रशियात व्लादिमीर लेनिनवरून व्लादलेन आलं, मार्क्स आणि लेनिन जोडून मार्लेन, तर ‘लेनिन’ उलटं लिहून निनेल. कोणी मुलीचं नाव विद्युतीकरणावरूनही ठेवलं. खेडोपाडी वीज पोचवण्याचं स्वप्न तेव्हा इतकं खरं होतं.

मग सरकारी वही आली. फ्रान्समध्ये 1803 च्या कायद्याने नावं संतांची वगैरे नावं छापलेल्या कॅलेंडरांतून किंवा प्राचीन इतिहासातूनच घ्यायची असं ठरलं, आणि ही चौकट सैल होत होत 1993 मध्ये गेली. हवाईत 1860 च्या कायद्याने मुलांना ख्रिस्ती नाव देणं सक्तीचं झालं, ते 1967 मध्ये रद्द झालं. दक्षिण आफ्रिकेत शाळेच्या पहिल्याच दिवशी बाईंनी रोलिह्लाह्ला मंडेला या मुलाला ‘नेल्सन’ करून टाकलं. मुलाला सोयीचं व्हावं म्हणून केलेला नियम आणि त्याचं मूळ पुसणारा नियम यांतली सीमा फार धूसर असते.

स्वीडनमध्ये नावांच्या कायद्याचा निषेध म्हणून एका जोडप्याने 1996 मध्ये मुलासाठी 43 अक्षरं-आकड्यांचं नाव सुचवलं आणि उच्चार ‘अल्बिन’ असा सांगितला. ते नाव अर्थातच नाकारलं गेलं. आइसलँडमध्ये मात्र ‘मंद झुळूक’ अशा अर्थाच्या एका नावासाठी मुलीला थेट न्यायालयात जावं लागलं. व्याकरणात तो शब्द पुल्लिंगी, म्हणून अधिकाऱ्यांनी तो नाकारला होता आणि सरकारी कागदांवर तिच्या नावाच्या जागी नुसतं ‘मुलगी’ असं लिहिलं जात होतं. 15 वर्षांची असताना, जानेवारी 2013 मध्ये, ती जिंकली. 2019 च्या कायद्याने तिथे नावांना लिंगाचं बंधनच उरलं नाही. जपान उलट्या दिशेने गेला: चित्रलिपीतली अक्षरं एक आणि वाचन भलतंच, अशी नावं वाढली, तेव्हा मे 2025 पासून कुटुंबनोंदणीत नावाचा उच्चारही लिहिणं आवश्यक झालं आणि अक्षरांशी काहीच मेळ नसलेला उच्चार आता नाकारता येतो.