उपचारांआधीचे आठवडे: कर्करोगातील पूर्वतयारीची पार्श्वभूमी

कर्करोगाचे निदान झाल्यापासून पहिला उपचार सुरू होईपर्यंतचे आठवडे पूर्वी तपासण्या आणि प्रतीक्षा यांतच सरत. याच काळात रुग्णाचे शरीर आणि मन उपचारांसाठी सज्ज करायचे, ही ‘प्रीहॅबिलिटेशन’ची कल्पना मात्र कर्करोगाच्या रुग्णालयात जन्मलेली नाही. १९४६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा शब्द आला तो लष्कराच्या संदर्भात, शरीराने कमी पडणाऱ्या सैनिकांना सेवेयोग्य करण्याच्या उपक्रमासंबंधी.

शस्त्रक्रियेचा ताण एखाद्या उपायाने नव्हे, तर अनेक उपाय एकत्र योजल्याने कमी होतो, असे डॅनिश शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी १९९७ साली मांडले आणि त्यातून रुग्ण लवकर सावरावा यासाठीच्या पद्धती घडल्या. तरीही शस्त्रक्रियेआधीच्या आठवड्यांकडे फारसे कोणी पाहत नव्हते. तिकडे लक्ष वळवणाऱ्यांत मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील भूलतज्ज्ञ फ्रांको कार्ली हे प्रमुख होत. त्यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही रुग्णांना सायकल आणि ताकदीचे व्यायाम दिले, तर काहींना केवळ चालणे आणि श्वसनाचे व्यायाम. २०१० साली निष्कर्ष आले, तेव्हा साध्या चालण्याचा गटच सरस ठरला. कठोर व्यायाम बहुतेकांना पेलला नव्हता. या इतिहासातील सर्वांत मोलाचा टप्पा मला हाच वाटतो, कारण पुढे व्यायाम झेपेल इतका ठेवून त्याला प्रथिनयुक्त आहाराची आणि चिंता कमी करण्याच्या उपायांची जोड देण्यात आली. हा त्रिसूत्री कार्यक्रम शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू केलेल्यांपैकी ८४ टक्के रुग्णांची चालण्याची क्षमता शस्त्रक्रियेनंतर आठ आठवड्यांनी पूर्ववत किंवा अधिक चांगली झाली होती, तर तोच कार्यक्रम नंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण ६२ टक्के होते, असे २०१४ च्या ७७ रुग्णांच्या चाचणीत दिसले.

ब्रिटनमध्ये २०१९ साली कर्करोगातील पूर्वतयारीसाठी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. २०२३ साली अनेक देशांत मिळून झालेल्या, २५१ रुग्णांच्या चाचणीत गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण नेहमीच्या उपचारपद्धतीत २९.७ टक्के, तर पूर्वतयारी केलेल्यांत १७.१ टक्के आढळले. त्याआधी, २०२० साली, दुर्बल वृद्ध रुग्णांवरील मॅकगिलच्याच चाचणीत मात्र गुंतागुंत कमी झाली नव्हती. ज्यांना या तयारीची सर्वाधिक गरज, त्यांना शस्त्रक्रियेपूर्वीच्या तयारीचे चार आठवडे पुरतात का, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.