‘मिल्क’ शब्दावरून कोर्टकचेऱ्या का झाल्या : थोडी पार्श्वभूमी

सुपरमार्केटात बदामाच्या, ओटच्या, सोयाच्या पांढऱ्या पेयांच्या खोक्यांवर हल्ली ‘मिल्क’ सहसा दिसत नाही, ‘ड्रिंक’ नाहीतर ‘बेव्हरेज’ असतं, आणि त्याच दुकानात नारळाच्या डब्यावर मात्र ‘कोकोनट मिल्क’ छान मोठ्या अक्षरात. दोन्ही झाडाचंच, गाय-म्हैस दोन्हीकडे नाही. दुकानदाराला विचारलंत तर तो खांदे उडवणार, कारण हा निर्णय त्याचा नाही आणि खरं तर नुसता आपल्या देशाचाही नाही.

जुना इतिहास पटकन उरकतो. ‘दूध म्हणजे फक्त जनावराचंच’ असा सोवळेपणा या इंग्रजी शब्दाला सुरुवातीपासून कधीच नव्हता. झाडाच्या पांढऱ्या चिकाला इंग्रजीत शेकडो वर्षं मिल्कच म्हणतात, आपल्या रुईच्या जातकुळीला तर त्यांनी नावच मिल्कवीड दिलंय. (आपल्याकडे वडा-रुईचा चीक आणि व्यायलेल्या म्हशीचा चीक दोन्हीला एकच शब्द, म्हणजे आपणही काही वेगळे नाही, फक्त आपला गोंधळ खरवसापर्यंत जातो.) आणि बदामाचं दूध तर काल-परवाचं फॅड अजिबातच नाही. १३९० च्या आसपास इंग्लंडच्या राजाच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांनी ज्या पाककृती लिहून ठेवल्या त्यात आल्मंड मिल्क जागोजागी आहे. कारण साधं, चर्चच्या उपासाला मांस बंद, दूध-लोणीही बंद, आणि ईस्टरआधीचा लेंटचा उपास चाळीस दिवसांचा. मग बदाम भिजवायचे, सोलायचे, वाटायचे, पाण्यात कालवायचे, फडक्यातून पिळायचे. कोकणातल्या कुठल्याही बाईला हे शिकवावं लागणार नाही, खवलेल्या नारळावर कोमट पाणी घालून पहिलं घट्ट दूध पिळायचं, चोथ्यावर परत पाणी घालून दुसरं पातळ काढायचं, तीच रीत. म्हणजे उपासाला चालणारं ‘मिल्क’ सहाशे वर्षांपूर्वी इंग्रजीत होतंच, आणि त्यावरून कोणी कोणावर केस टाकल्याचं ऐकिवात नाही.

नंतर केमिस्ट लोकांनी पांढरं आणि गढूळ दिसेल त्या सगळ्याला हे नाव लावलं. पोट बिघडलं की घ्यायचं मिल्क ऑफ मॅग्नेशिया एकोणिसाव्या शतकातलं, आणि आपल्या साखर कारखान्यांत उसाच्या रसातला मळ काढायला जे चुन्याचं पाणी सोडतात त्याला आजही मिल्क ऑफ लाईमच म्हणतात. कारखान्यातल्या कामगाराने त्यात चहा करून प्यायला असं काही झालेलं नाही. ‘लोकांची फसवणूक होते’ हा मुद्दा पुढे सारखा येणार आहे, म्हणून हे इथेच सांगून ठेवलं.

भांडण सुरू झालं ते डेअरी हा मोठा धंदा झाल्यावर, आणि ते झालं अमेरिकेत. आधी लोण्याविरुद्ध मार्गरीन, म्हणजे चरबी-तेलाचं नकली लोणी, असं झालं, त्यावर १८८६ साली खास कर बसला. मग दुधाची पाळी आली. साय काढलेल्या दुधात महागड्या फॅटऐवजी स्वस्त खोबरेल घालून डब्यात भरायचं आणि विकायचं, याला ‘फिल्ड मिल्क’ म्हणायचे. १९२३ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ते पाठवायलाच बंदी घातली. असं दूध विकणाऱ्या एका कंपनीचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९३८ मध्ये ती हरली. हा निकाल आज वकिलांना आठवतो तो त्यातल्या एका तळटीपेमुळे, तिच्यावर अमेरिकेतला अल्पसंख्याकांच्या हक्कांचा केवढा तरी कायदा उभा राहिला. दुधाचं काय झालं ते कुणी विचारत नाही, तर झालं असं की १९७२ साली एका खालच्या फेडरल कोर्टाने तोच कायदा घटनेत बसत नाही म्हणून मोडीत काढला.

अमेरिकेची सरकारी व्याख्याही वाचण्यासारखी आहे. मिल्क म्हणजे निरोगी गायींना पूर्ण पिळून मिळालेला, चीक जवळपास नसलेला स्राव. ‘गायींना’. म्हणजे अक्षर न् अक्षर धरलं तर म्हशीचं दूध अमेरिकेत नुसतं ‘मिल्क’ म्हणून विकता येत नाही, शेळीचंही नाही, पुढे जनावराचं नाव लावावं लागतं. आपल्याकडे ज्या दुधाला खरं दूध मानतात, जाड सायीचं, चहाला रंग आणणारं, ते त्यांच्या व्याख्येत आडनाव लावूनच येतं.

आणि आता आपलं. आपली व्याख्या जरा मोकळी आहे, कुठलंही निरोगी दुभतं जनावर चालतं, पण अट अशी की त्यात काही घालायचं नाही आणि त्यातून काही काढायचं नाही, आणि पुढे हळूच एक शेपूट, ‘या नियमांत वेगळी तरतूद असल्याशिवाय’. या शेपटावर आपल्या शहरांचा अख्खा दूधपुरवठा चालतो. टोन्ड मिल्क ही चीज मूळ मुंबईची. १९४६ साली, शहरात दुधाची मारामार असताना, एका पारशी डेअरीतज्ज्ञाच्या डोक्यातून आलेली. म्हशीच्या दुधात फॅट भरपूर, सहा-सात टक्के, मग त्यात बिनसायीच्या दुधाची पावडर आणि पाणी मिसळायचं, फॅट खाली येतं, दूध वाढतं, भाव उतरतो, गरिबाच्या घरात जातं. कल्पना झकास होती, या माणसाला पुढे मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यात इतरही मोठं काम होतं. पण बघा, पाणी घातलेलं दूध ही आपल्याकडची सगळ्यात जुनी शिवी, आणि तेच सरकारी देखरेखीखाली मापात घातलं की ‘टोन्ड मिल्क’. आज पिशवीवर ३ टक्के फॅट म्हणजे टोन्ड, १.५ म्हणजे डबल टोन्ड, ४.५ म्हणजे स्टँडर्डाइज्ड, ६ म्हणजे फुल क्रीम. या चारही पिशव्यांत काहीतरी घातलेलं किंवा काढलेलं असू शकतं आणि चौघींनाही मिल्क म्हणवून घ्यायचा अधिकार आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही, लाखो पोरं त्यावर वाढली. पण जेव्हा कोणी टेबलावर हात आपटून म्हणतं की मिल्क म्हणजे निसर्गाने दिलं तसंच, तेव्हा ही पिशवी समोर ठेवावीशी वाटते.

आता मुख्य प्रकरण, युरोप, २०१७. कारण आजच्या बहुतेक निर्णयांत हाच निकाल कुठे ना कुठे डोकावतो.

युरोपात १९८७ पासूनच नियम होता की मिल्क, क्रीम, बटर, चीज, योगर्ट हे शब्द फक्त जनावराच्या दुधाच्या मालाला. वर्षानुवर्षं कुणी फार मनावर घेतलं नाही, कारण सोयाचं पेय पिणारे मूठभर. मग ते वाढले. एक जर्मन कंपनी ‘टोफूबटर’, ‘व्हेजी चीज’ अशी नावं लावून माल विकत होती, तिच्यावर अनुचित स्पर्धेचा दावा लागला, ट्रिअरच्या कोर्टाने प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टाकडे पाठवला. कंपनीचं म्हणणं अगदी घरगुती होतं, की अहो आम्ही नुसतं बटर लिहीतच नाही, टोफूबटर लिहितो, गिऱ्हाईक काही दुधखुळं नाही, आणि लोकांना हे शब्द आता असे वापरायची सवय झालीये. १४ जून २०१७ ला निकाल आला, आणि तो कंपनीला ‘नाही’ म्हणून थांबला नाही. मागेपुढे सोया, टोफू, व्हेजी काहीही लावा, मालाचं मूळ कितीही स्पष्ट सांगा, तरी चालणार नाही. अपवादांच्या यादीत नाव असेल तरच. कंपनीने विचारलं की मग मांसाला पर्याय विकणाऱ्यांना अशी बंदी का नाही, त्यावर कोर्ट म्हणालं तो माल वेगळा, तुलना नको.

खरी गंमत त्या यादीत आहे. ही २०१० मधली यादी, प्रत्येक भाषेचा वेगळा भाग, आणि निकष असा की नाव परंपरेने चालत आलेलं पाहिजे. इंग्रजीत कोकोनट मिल्क आहे, पीनट बटर आहे, कोको बटर आहे, क्रीम सोडा, क्रीम क्रॅकर आहे, बटर बीन्स म्हणजे पावट्यासारखी एक शेंग तीसुद्धा आहे. पण आल्मंड मिल्क नाही! ज्या भाषेत हा शब्द सहाशे वर्षं जुना त्या भाषेच्या रकान्यात तो नाही, आणि फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन रकान्यांत बदामाचं दूध आहे. म्हणजे एकच खोकं, एकच बदाम, फ्रेंच लेबलावर दूध आणि इंग्रजी लेबलावर ड्रिंक. सोया तर कुठेच नाही, कारण युरोपात सोयाची परंपरा नाही, असती तर यादी करणाऱ्यांनी विचार केला असता असं मानायला हरकत नाही. माझं मत विचाराल तर यादी परंपरेची कमी आणि धंद्याची जास्त आहे. नारळाच्या दुधाने कुठल्याही युरोपियन गोठ्यातली एक लिटर विक्री कमी होत नव्हती, ते करीत जातं, चहात जात नाही. ओट आणि सोया सरळ चहा-कॉफीच्या कपावर आले. जे स्पर्धेत नाही ते परंपरेत बसलं, जे स्पर्धेत आलं ते फसवणुकीत.

दुसरी बाजूही आहे, ती अगदीच पोकळ नाही. बदामाच्या कित्येक पेयांत बदाम दोन-तीन टक्के, बाकी पाणी, थोडं घट्ट करणारं काहीतरी, वरून कॅल्शियम. प्रोटीन गायीच्या दुधाच्या पासंगालाही पुरत नाही, सोयाचं तेवढं बरोबरीला येतं. लहान पोराला दुधाऐवजी हे पाजलं तर प्रश्न आहेच. पण मग प्रोटीन किती ते पुढच्या बाजूला ठसठशीत छापायला लावा ना. नाव बदलून ‘ड्रिंक’ केल्याने बदामाचं प्रमाण दोन टक्क्यांवरून वर गेलं नाही.

त्याच सुमाराला स्वीडनमध्ये अजून एक प्रकार झालेला. लुंडच्या विद्यापीठात नव्वदच्या दशकात ओटपासून पेय तयार झालं, लॅक्टोज न पचणाऱ्यांसाठी. त्या कंपनीने ‘दुधासारखं, पण माणसांसाठी’ अशी जाहिरात केली, डेअरीवाल्यांनी २०१४ ला केस ठोकली, कंपनी हरली, पण तिने दाव्याची कागदपत्रंच जाहीर करून टाकली आणि फुकटात गावभर प्रसिद्धी झाली. २०२० मध्ये युरोपियन संसदेने अजून पुढे जाऊन ‘क्रीमी’, ‘अमुकसारखं’ असले शब्दही बंद करायचा ठराव घेतला होता, तो २०२१ च्या मे महिन्यात गुंडाळला गेला.

आपल्याकडे याची नांदी आईस्क्रीमपासून झाली. वनस्पती तेलाचं असेल तर ते ‘फ्रोझन डेझर्ट’, यावरून दोन बड्या कंपन्यांची २०१७ साली मुंबई हायकोर्टात जुंपली होती, जाहिरातीवरून. मग मार्च २०२१ मध्ये एका मोठ्या सहकारी डेअरीने पेपरात जाहिरात दिली की वनस्पतीचं पेय म्हणजे दूध नव्हे, तक्रारी झाल्या, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने त्या फेटाळल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा खात्याने ऑनलाईन विकणाऱ्यांना सांगितलं की वनस्पतीच्या पेयांना मिल्क वगैरे म्हणणारा माल साईटवरून उतरवा. काही कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या. पण हळूहळू खोक्यांवरचं मिल्क गेलंच. आणि आपल्या नियमातही तोच अपवाद जसाच्या तसा, परंपरेने स्पष्ट असेल तर चालेल, म्हणजे कोकोनट मिल्क आणि पीनट बटर. पीनट बटर आपल्याकडे कुठल्या परंपरेने आलं हे मात्र विचारायचं नाही, आपल्या परंपरेत शेंगदाण्याचं कूट आहे. आता हीच गाडी पनीरवर आलीये, ॲनालॉग पनीरवरून, म्हणजे दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल घातलेल्या पनीरवरून, विधानसभेतसुद्धा आवाज झाला. तिथे मी खात्याच्या बाजूने आहे, कारण हॉटेलच्या मेन्यूवर कोणी ‘सोया पनीर’ लिहीत नाही, नुसतं पनीर लिहून पाम तेलाचा माल खपवतात. ती सरळ लबाडी आहे, टोफूबटरवाल्याने ती केली नव्हती.

अमेरिकेत मधल्या काळात उलटा प्रवास झाला. २०१७ ला डेअरीवाल्या राज्यांच्या खासदारांनी वनस्पतीच्या मालाला मिल्क म्हणायला बंदी करणारं बिल आणलं, २०१८ मध्ये औषध-अन्न खात्याचे तेव्हाचे प्रमुख जाहीरपणे बोलून गेले की बदाम काही दूध देत नाही. सगळ्यांना वाटलं आता बंदी येणार. खात्याने लोकांची मतं मागवली, १३ हजारांहून जास्त आली, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत जो मसुदा निघाला त्यात म्हटलं होतं की लोकांना सोया मिल्कमध्ये गायीचं दूध नसतं हे चांगलं कळतं, नाव राहू द्या, फक्त पोषणात कुठे कमी आहे ते कंपन्यांनी आपण होऊन लिहावं. म्हणजे ज्या मुद्द्यावर युरोपातली कंपनी हरली तोच मुद्दा इथे मान्य झाला.

ब्रिटन युरोपातून बाहेर पडला तरी नियम तोच ठेवला, आणि तिथे प्रकरण अजूनच ताणलं गेलं. वर सांगितलेल्या ओट कंपनीने ‘पोस्ट मिल्क जनरेशन’ असा ट्रेडमार्क घेतला, ज्यात मालाला मिल्क म्हटलेलंच नाही, उलट आम्ही दुधाच्या पुढची पिढी असं म्हटलंय. डेअरी संघटनेने हरकत घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये हायकोर्ट कंपनीच्या बाजूने, डिसेंबर २०२४ मध्ये अपील कोर्ट विरुद्ध, मग सुप्रीम कोर्ट. यात ट्रेडमार्क कार्यालयाने सुरुवातीलाच एक बारकावा सांगून ठेवला होता, की हे शब्द ओटच्या पेयावर चालणार नाहीत, पण टी-शर्टवर छापायला हरकत नाही.