डोळ्यांचा जोडधंदा

‘ज्याला दिसतच नाही त्याला दिवस काय आणि रात्र काय!’ असं आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात कित्येक दृष्टिहीनांच्या शरीराला दिवस-रात्र चोख कळतात. काहींच्या मात्र कळत नाहीत, आणि त्यांच्या झोपेचं खोबरं होतं.

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, जेमतेम २०,००० चेतापेशींचं जैविक घड्याळ आहे. बहुतेकांचं ते रोज काही मिनिटं मागे पडतं आणि उजेड दिसला की पुन्हा जुळतं. उजेडाची ही वर्दी देतं कोण? शाळेत शिकलेल्या दंडपेशी आणि शंकूपेशी, असंच शास्त्रज्ञांनाही वाटायचं. पण १९९९ मध्ये दिसलं, की या दोन्ही नसलेल्या उंदरांची घड्याळंसुद्धा प्रकाशाने बिनचूक लागतात! २००२ मध्ये खरा वर्दीदार सापडला. दृष्टिपटलातून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या गँग्लियन पेशींपैकी मोजक्या पेशींमध्ये मेलॅनोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश त्याला सर्वांत चटकन जागं करतो. चटकन म्हणजे आपलं बोलायचं. या पेशी कमालीच्या सुस्त. उशिरा बोलायला लागतात आणि दिवा विझल्यावरही बोलतच राहतात. पाहायला अशी पेशी कुचकामी, पण ‘बाहेर उजाडलंय’ एवढंच सांगायला अशीच हवी. पापणी लवली म्हणून ती रात्र झाली असं समजत नाही.

दंड-शंकू गेले पण या पेशी शाबूत असल्या, तर झोप बहुधा वेळेवर येते. म्हणूनच न दिसणारा डोळा ‘तसाही निरुपयोगी’ समजून काढून टाकू नये. काचबिंदू मात्र गँग्लियन पेशींवरच घाला घालतो.

वर्दी पूर्ण थांबली तर? समजा घड्याळ साडेचोवीस तासांचं आहे. झोप रोज अर्धा तास पुढे सरकेल. चोविसाव्या दिवशी भर दुपारी पेंग आणि रात्री टक्क जाग. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी सगळं पुन्हा सुरळीत. नेमकं त्याच सुमाराला डॉक्टरकडे गेलात, तर आजार सापडणारच नाही.

मेंदूतल्या पिनियल ग्रंथीला ‘तिसरा डोळा’ म्हणून तो उघडून देणारे बरेच आहेत. काही सरड्यांच्या डोक्यावर असा प्रकाश टिपणारा अवयव खरंच असतो. माणसाची पिनियल मात्र कवटीच्या आत अंधारात बसलेली. तिला उजेडाची खबर डोळ्यांकडूनच, तीही मानेतल्या चेतातंतूंमार्गे वळसा घेऊन मिळते. उजेड सरला की ती मेलाटोनिन हे रात्रीचं संप्रेरक सोडते. वर्दी बंद पडलेल्या अनेकांचं घड्याळ डॉक्टर हेच मेलाटोनिन रोज ठरल्या वेळी देऊन लावतात. ते झोपेच्या गोळीसारखं पहिल्याच रात्री काम करत नाही. घड्याळ जुळायला कित्येक आठवडे लागू शकतात, आणि गोळी बंद केली की ते पुन्हा सरकू लागतं.