ताटाची डावी बाजू

सांगली-साताऱ्याकडच्या घरात साठी उलटलेल्या माणसाला डॉक्टरांनी रक्तदाबासाठी 'मीठ कमी करा' म्हटलं, की पहिला बदल ठरलेला असतो. भाजी अळणी होते, आमटीत मीठ बेतानं पडतं. ताटाची डावी बाजू मात्र जशीच्या तशी: लोणच्याची फोड, खर्डा, पापड, शेंगदाण्याची चटणी. भाजी गोड लागत नाही म्हणून त्यांचा खप उलट वाढतो.

हृदयातून निघणारी महाधमनी तरुणपणी लवचीक असते. दर ठोक्याला ती जराशी फुगते आणि रक्ताचा धक्का झेलते. वयाबरोबर तिच्या भिंतीतले इलॅस्टिनचे धागे तुटत जातात आणि ताठ कोलॅजेन वाढतं. द्राक्षबागेत उन्हानं कडक झालेली ठिबकची नळी दाब वाढला तरी फुगत नाही, तशी तिची गत होते. त्यामुळे म्हातारपणी 'वरचं' बीपी चढतं, 'खालचं' बऱ्याचदा उतरतं. १६०/७० हा आकडा बघून 'खालचं तर चांगलंय की' म्हणणारे पुष्कळ भेटतात. खरं तर हा आकडाच बहुतेक वेळा ताठरलेल्या धमनीची खूण असतो. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाचा डावा कप्पा जाड होतो.

त्यात मूत्रपिंडांची मिठातलं जादा सोडियम बाहेर टाकायची ताकद घटलेली असते. सोडियम अंगात राहिलं की पाणीही राहतं आणि दाब वाढतो. जिभेलाही चव कमी कळू लागते, म्हणून मीठ वरून घेतलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. यात लोणचं-पापडातलं मीठही आलं.

आपल्याकडची खरी गंमत कांदा-लसूण चटणीत आहे. उन्हाळ्यात वर्षभराची कुटून ठेवताना तिच्यात मीठ पडलेलंच असतं. कालवणात ती चटणी जाते आणि वर हाताच्या सवयीनं पुन्हा मीठ. आधी चटणी घालून चव बघावी आणि मगच मिठाच्या डब्याला हात लावावा, एवढ्यानंही बराच फरक पडेल. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, तोही सोडियमचाच क्षार. सैंधव घेतलं की सुटलो, असं समजणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तेही बहुतांशी सोडियम क्लोराईडच आहे.

ज्वारीची भाकरी याबाबतीत निर्दोष, कारण तिच्या पिठात सहसा मीठ घालत नाहीत. पण दात गेले की भाकरी सुटते आणि सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर खारी-टोस्ट सुरू होतात. त्यांत मीठही आलं आणि वनस्पती तूपही. त्यापेक्षा भाकरी आमटीत कुस्करून खाल्लेली बरी. आमटी साताऱ्याच्या वाघ्या घेवड्याची असेल तर उत्तमच. घेवड्यातला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवतो. नवी पित्ताम्लं बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं. डाव्या बाजूला कमी मिठाची कारळ्याची चटणी, लिंबाची फोड आणि काकडीची कोशिंबीर असली की जेवण बेचव वाटत नाही.

चीनमधल्या ६०० खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना आधी पक्षाघात होऊन गेलेला होता किंवा साठीपुढे रक्तदाब होता. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, बाकीच्यांना ७५ टक्के सोडियम क्लोराईड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराईड असलेलं मीठ. दुसऱ्या गटात पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी भरलं. असं मीठ आपल्याकडेही मिळतं, पण दुकानातून परस्पर आणू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. असल्या लोकांनी तासगावचा बेदाणाही विचारूनच खावा, कारण त्यातही पोटॅशियम भरपूर असतं. मधुमेह्यांसाठी त्यातली साखर आहेच.

उलट टोकही बघायला मिळतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, जेवण आधीच चिमणीएवढं, आणि घरच्यांनी मीठ पूर्ण बंद केलेलं. मग सोडियम घसरतं, म्हातारं माणूस असंबद्ध बोलू लागतं, तोल जाऊन पडतं, आणि घरातले म्हणतात, वय झालं. अशा वेळी आधी रक्तातलं सोडियम तपासून घ्यावं.